मांजरीला जाताना निवडलेला माइक

माझ्या मैत्रिणीला, मेघनाला, सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. नाशिकहून फोनवर ती म्हणाली, "बाबांचा आवाज बाळासाठी पकडून ठेव." गुरुवारी सकाळी तिच्या बाबांचं, दत्तोबाकाकांचं, स्वरयंत्र काढणार होते. घशाचा कॅन्सर. तीस वर्षं शहर बसवर कंडक्टर होते ते.

मी मोबाइलवर बातम्यांचे व्हिडिओ करते. जुना माइक मोडला होता, म्हणून मंगळवारी पेठेतल्या दुकानात गेले. एका वायरलेस संचाला हेडफोन लावता येत होता. किंमत बारा हजार. दुसरा चार हजारांचा, अंगठ्याएवढा, गोंगाट कापायचं बटण असलेला. चौकाचौकांत हॉर्न ऐकून काम केलेल्या मला ते बटणच भावलं.

"यात रेकॉर्ड करताना ऐकू येणार नाही," दुकानदार म्हणाले.

"नंतर ऐकीन."

"ऐका. सवडीनं."

तोच घेऊन तिथून चाचणीसाठी खडकवासल्याला. सकाळी गेलात तर सिंहगड रस्ता बरा. मी दुपारी अडकले. धरणावर भाजलेलं कणीस खात बटण दाबलं, तर वारा नाहीसा आणि माझा आवाज स्वच्छ. मी ओरडून बोलत होते, हे लक्षातच आलं नाही.

बुधवारी मांजरी. हडपसरच्या पुढे रस्ता खोदलाय, तासभर जास्त धरा. उसाच्या फडाला खेटून नव्या इमारती, त्यांच्या मागे काकांचं घर. आधी बटण न दाबता चाचणी घेतली. काकांच्या घशातून नुसती हवा येत होती.

"काय बोलू? हितं चहा तरी हाय का?"

"आधी बोला," काकू म्हणाल्या. "जन्मभर लोकांना पुढं ढकललंत, आता तुम्ही सरका."

तेवढ्यात शेजारच्या बांधकामावर मिक्सर सुरू झाला. मी बटण दाबलं. काकांनी स्वारगेटपासून मांजरीपर्यंतचे सगळे थांबे बाळाला सांगितले. मध्ये दम घेत, डोळे मिटून. हिरवा दिवा जळत होता. मी समाधानानं घरी आले आणि झोपले.

गुरुवारी दुपारी ऐकलं. रेकॉर्डिंगमधून मिक्सर गेला होता. काकाही गेले होते. त्यांचा घोगरा श्वास यंत्राला गोंगाटच वाटला. उरली फक्त चाचणी, चहाची.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तूच येऊन सांग."

चार दिवसांनी मी हॉस्पिटलात गेले. काकांच्या गळ्याला पट्टी, हातात पाटी. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाटीवर लिहिलं: स्वारगेट. पुसलं. पुढचा थांबा लिहिला. काय हवंय ते कळल्यावर मी माइक लावला, बटण बंद ठेवलं आणि वाचू लागले. हळू वाचलं की ते खडू पाटीवर आपटायचे. मग मी मोठ्यानं ओरडायची, कंडक्टरसारखं.

घरी आल्यावर दोन्ही फाइल, चहाची आणि थांब्यांची, मेघनाला पाठवल्या. तुम्ही माइक घेणार असाल, तर हेडफोन लागणाराच घ्या आणि माणूस समोर असतानाच ऐका. मेघनाचं उत्तर अजून आलेलं नाही. बाळापर्यंत सगळे थांबे पोचतील. आवाज मात्र माझा असेल.