दुपारी दोनला आजारी पडणाऱ्या बाई

आमच्या बाई रोज दुपारी दोन वाजता आजारी पडत. जेवणाची सुट्टी संपून डबे धुऊन झाले, की त्या डेमो रूममध्ये येत, खिडकीजवळच्या लोखंडी खाटेखाली चपला काढून ठेवत, चष्मा उशीखाली सरकवत आणि आडव्या होत. डोळे मिटण्याआधी एकदा वर पंख्याकडे बघत. मग बाई कुठेतरी निघून जात आणि त्यांच्या जागी दुसरंच कुणीतरी येऊन कण्हायला लागे. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुली खाटेभोवती उभ्या राहून त्या दुसऱ्या कुणाची तरी शुश्रूषा करायचो.

डहाणूच्या त्या लहानशा नर्सिंग शाळेत मी दोन हजार चौदा साली दाखल झाले. बाई तिथे ट्युटर होत्या. दारावरच्या पाटीवर त्यांची दोन आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच होतं, आणि आम्हाला तेवढंही लागत नसे. बाकीच्या सगळ्या शिक्षिका मॅडम होत्या, बाई एकच. वरच्या वर्गातल्या मुली त्यांना ‘दोनच्या बाई’ म्हणत. सडपातळ अंगाच्या, घट्ट अंबाड्याच्या, आणि बोलणं इतकं हळू की त्या शिकवायला लागल्या की कुणीतरी उठून पंखा बंद करायचं.

शाळेत सरावासाठी एक रबरी डमी होती. ती बहुतेक काळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात उभी असायची आणि तपासणीला माणसं आली की चादर पांघरून खाटेवर यायची. बाईंचं आणि तिचं काही जमलं नाही. “ती लाजत नाही, खोटं बोलत नाही, आणि तिला सासूही नाही,” त्या म्हणत. “तिच्यावर शिकून तुम्ही वॉर्डात गेलात तर तुमच्या हाती काय लागणार?”

सगळीकडचा ठरलेला क्रम असा, की आधी वर्गात शरीररचना वगैरे पाठ करायचं आणि मग युनिफॉर्म घालून थेट वॉर्डात उभं राहायचं. बाईंनी या दोहोंच्या मधे स्वतःची खाट घातली होती. त्यासाठी लायब्ररीचा तास त्यांनी परस्पर घेतला होता. प्राचार्य मॅडमना हे पसंत नव्हतं. अभ्यासक्रमात हा तास बसतो कुठे, असं त्या विचारत. “बसत नाही मॅडम, झोपतो,” असं बाई इतक्या गंभीरपणे म्हणाल्या होत्या, की मॅडमना हसावं की रागवावं ते कळेना. आम्ही मात्र दारामागे तोंडावर हात दाबून उभ्या होतो.

दोन वाजता कोण येईल याचा नेम नसे. कधी किनाऱ्यावरच्या आगर गावची, मासळी विकणारी बाई यायची. “काय नाय गो, पोटान जरा दुखतंय,” म्हणायची आणि आपण पोट दाबून बघेपर्यंत घरी जायला निघायची, कारण टोपलीतली मासळी उन्हात होती. कधी घोलवडच्या चिकूवाडीतली म्हातारी यायची. तिला ‘गभरामण’ व्हायची. माझी मैत्रीण वैशाली हिने पहिल्यांदा तिला धीर दिला, घाबरू नका, आम्ही आहोत. म्हातारीने कपाळाला हात लावला. ती भ्यायली नव्हती, तिच्या छातीत कासावीस होत होतं. तास संपल्यावर बाई चष्मा लावत शांतपणे म्हणाल्या, “आजार पुस्तकात इंग्रजी बोलतो. खाटेवर नाही.”

ही माणसं बाईंनी कुठून आणली हे आम्हाला हळूहळू कळलं. सुट्टीच्या दिवशी त्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेजवळच्या बाकावर जाऊन बसत, किंवा तलासरीच्या बाजारात भाजी घेता घेता तासभर घालवत. कोण कसं खोकतं, कोण कुठे हात ठेवून बोलतं, नवरा जवळ असला की कुठली बाई गप्प होते, हे त्या बघत असत. दुपारच्या त्या खोलीत खिडकीबाहेर चिकूची पानं हलायची, हिरव्या पडद्यातून येणारा उजेड खाटेवर पाण्यासारखा डुलायचा, आणि मिटल्या डोळ्यांच्या बाई एकेक माणूस होत जायच्या. आम्ही सगळ्या अर्धवट झोपेत असायचो. मला आजही नक्की सांगता येत नाही, की त्यातलं किती मी पाहिलं आणि किती स्वप्नात आलं.

माझी गोष्ट मात्र स्वप्नाची नव्हती. माझं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. घरी भात आणि नागली. आमच्याकडून नर्सिंगला आलेली मी पहिलीच. पहिल्या तुकडीबरोबर मला वॉर्डात नेलं तेव्हा एका म्हाताऱ्या पेशंटने माझा हात धरून काहीतरी विचारलं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ट्रे तिथेच ठेवून मी बाहेर आले आणि सगळ्या परत निघेपर्यंत व्हरांड्यातच उभी राहिले. असं पुन्हा दोनदा झालं. प्राचार्य मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांनी निर्णय घेतला. हिला माणसांची भीती वाटते, दिवाळीच्या सुट्टीत हिच्या वडिलांना बोलावून घ्या आणि घरी पाठवा. बाईंनी एवढंच मागितलं, की दिवाळीपर्यंत ही माझ्याकडे राहू दे, मग तुम्ही स्वतः येऊन बघा.

त्यानंतर दुपारी खाटेजवळ पहिली मी असायची. एके दिवशी बाई आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वैशालीने नाव विचारलं, गाव विचारलं. पदर तोंडावर ओढलेला, पायाची बोटं घट्ट आवळलेली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मात्र त्या पायांकडे बघत होते. माझी आई दवाखान्यात गेली की अशीच पडून राहते, असेच पाय आवळते. मी खाली वाकले आणि आमच्या घरच्या बोलीत हळूच विचारलं, की कुठे दुखतंय. पदर थोडा सरकला. ती बाई मला सगळं सांगत गेली, आणि मी विचारत गेले. तास संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ मी न अडखळता बोलत होते.

नाडीच्या बाबतीत बाईंचा एक हट्ट होता. अर्धा मिनिट धरून दुप्पट करायची नाही, पूर्ण मिनिट धरायची. “घाई करणारीच्या बोटांतून चुकलेला ठोका निसटतो,” असं त्या म्हणत. मिनिट झालं की डोळे न उघडता विचारत, “काय लागतंय?” एकदा त्या तापाने फणफणलेली बाई झाल्या होत्या. मी मनगट धरलं आणि पटकन सांगून टाकलं, की नाडी फार जोरात आहे. बाईंनी एक डोळा उघडला. “माझी नाडी अगदी शांत आहे. पेशंट काय सांगतो ते ऐकायचं, पण बोटांना लागतं तेच बोलायचं. मी सगळी सोंगं आणीन गं, नाडीचं सोंग मला येत नाही.” त्या दिवसापासून मी त्यांचं मनगट रोज धरत गेले. ती संथ चाल मला इतकी ओळखीची झाली, की रात्री डोळा लागता लागता बोटांखाली जाणवायची.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली तेव्हा ठरल्याप्रमाणे प्राचार्य मॅडम खुर्ची घेऊन डेमो रूममध्ये येऊन बसल्या. त्या दिवशी सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. बाई जरा उशिरा आल्या. चपला त्यांनी नेहमीसारख्या नीट ठेवल्या नाहीत, एक इकडे, एक तिकडे. आडव्या झाल्या आणि पंख्याकडे न बघताच डोळे मिटले.

मी पुढे झाले. आवाज निघाला. नाव विचारलं.

“सुलोचना.”

गाव विचारलं, तर गडहिंग्लजकडचं काहीतरी सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ओळखलं, की आज नवीन पेशंट आहे, कुणा पोलिसाची नाहीतर ड्रायव्हरची बायको, घाटावरून बदलून आलेली. काय होतंय म्हणून विचारलं.

“लई धडधडतंय गं.”

मॅडम मागे कौतुकाने हसल्या. आमच्या बाईंच्या तोंडी ‘लई’ कुणी कधी ऐकलं नव्हतं. वैशालीने पुढचा प्रश्न विचारला, दुसरीने चादर सारखी केली, सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. मी मनगट धरलं.

बोटांखाली माझी ओळखीची नाडी नव्हती. दोन ठोके पळत यायचे, मग काहीच नाही, मग तीन एकदम, मग पुन्हा शांतता. मी बोटं सरकवून पाहिली. पूर्ण मिनिट धरली. कपाळावरचा घाम मला आता दिसला. मी मागे वळून म्हटलं, “मॅडम, हे सोंग नाही. बाई खरंच आजारी आहेत.”

मॅडम म्हणाल्या, छान चाललंय, पुढे चालू दे. पूर्वीची मी असते तर गप्प बसले असते. त्या क्षणी मला मॅडमची भीती वाटली नाही, घरी पाठवतील हेही आठवलं नाही. मी खुर्चीपाशी गेले, त्यांचा हात धरून त्यांना खाटेपाशी आणलं आणि त्यांची बोटं बाईंच्या मनगटावर ठेवली. मॅडम जुन्या नर्स होत्या. त्यांचा चेहरा बदलायला वेळ लागला नाही.

बाहेर लागली ती पहिली रिक्षा आम्ही केली. वाटभर मी मनगट सोडलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी जे जे विचारलं ते मीच सांगत होते, कधीपासून, काय म्हणाल्या, घाम कधी फुटला, नाडी कशी लागली. हृदयाची लय बिघडली होती, वेळेत आणलं हे बरं झालं, असं ते म्हणाले. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग इकडे तिकडे बघितलं तर मी त्याच वॉर्डात उभी होते, जिथून तीनदा पळाले होते. पलीकडच्या खाटेवरचे एक आजोबा पाणी मागत होते. मी जाऊन त्यांना पाणी दिलं.

रात्रीच्या सिस्टरने केसपेपर लिहायला नाव विचारलं तेव्हा मॅडमनी सांगितलं, सुलोचना; दुपारी ते ऐकून बाईंनी सोंगासाठी स्वतःचंच नाव घेतलं, एवढंच त्यांना वाटलं होतं. मी आणि वैशाली एकमेकींकडे बघत राहिलो. ती घाटावरची नवी पेशंट म्हणजे आमच्या बाईच होत्या. आम्हाला इतकी माणसं दाखवणारी ही बाई त्या दुपारी पहिल्यांदाच स्वतःचं नाव, स्वतःचं गाव घेऊन, स्वतःच्या माहेरच्या बोलीत आमच्यासमोर निजली होती, आणि आम्ही तिला ओळखलं नाही.

माझ्या वडिलांना बोलावणं गेलं नाही. सुट्टीनंतर बाई परत आल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, निदान पाठीवर हात तरी ठेवतील. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “घाम पुसायला विसरलीस.” एवढंच. पण नव्या वेळापत्रकात लायब्ररीचा तास दुसरीकडे गेला होता आणि दोनच्या रकान्यात प्राचार्य मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, बाईंची खाट.

पुढे मी पास झाले, तलासरीला नोकरीला लागले. सुट्टीच्या दिवशी वैशालीकडे आगरला गेले, की वाळत घातलेल्या मासळीमधून चालताना माझी नजर कुणाला तरी शोधत असते. पोट दुखत असताना टोपली घेऊन निघून गेलेल्या त्या बाईचं पुढे काय झालं? ती कधीच नव्हती हे मला माहीत आहे. तरी ती भेटेल आणि मी तिला नीट बसवून पोट तपासीन, असं उन्हात चालताना दर वेळी वाटतं.

दोन हजार एकोणीसमध्ये बाई निवृत्त झाल्या. मी ड्युटी बदलून घेऊन डहाणूला गेले. हार झाले, वेफर आणि समोसे झाले, मॅडमच्या भाषणात त्या दिवसाची गोष्ट आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बाईंचा भाऊ त्यांना गावी न्यायला येणार होता. गर्दी पांगली तेव्हा बाई कुठे दिसेनात. मला ठाऊक होतं त्या कुठे असतील.

डेमो रूममध्ये हिरव्या पडद्याचा तोच उजेड होता. चपला खाटेखाली नीट ठेवलेल्या, चष्मा उशीखाली. मी दाराशी उभी राहून विचारलं, “बाई, आज कोण आलंय?”

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “आज मीच.”

मी खाटेच्या कडेला बसले. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. काय होतंय म्हटल्यावर त्यांनी उशीवरची मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या, “जायचं जिवावर आलंय.” बाहेर चिकूची पानं हलत होती. मी मनगट हातात घेतलं.

मिनिट झालं. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, “काय लागतंय?”

आजच्या दिवशी तरी ‘सगळं छान आहे’ म्हणावं, असं फार वाटलं. त्यांना ऐकायलाही बरं वाटलं असतं. पण बोटांना लागत होतं ते मी सांगितलं. “मधेच एक ठोका चुकतोय, बाई. गोळ्या वेळेवर घेत नाही तुम्ही.”

बाईंच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या आणि ओठांवर हसू आलं. “आता तुला माझी गरज नाही,” त्या म्हणाल्या.

मी रुमालाने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मिनिट कधीच होऊन गेलं होतं, ठोके बोटांखाली येतच होते. मी मनगट सोडलं नाही, आणि बाईंनीही डोळे उघडले नाहीत.