साफ केलेला आवाज

त्या सॉफ्टवेअरचं नाव कुणी काढलं तरी मला अजून शिसारी येते. पण खरं सांगू? त्याहून जास्त किळस मला माझीच येते.

एका संस्थेच्या अहवालासाठी भाजी पिकवणाऱ्या बायांच्या मुलाखती घ्यायचं काम होतं. मी सावंगीत खोली करून राहत होते आणि गावोगाव हिंडत होते. वडनेरच्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी अट घातली. साठीच्या पुढच्या, वांगी आणि मेथी लावणाऱ्या काकू. म्हणाल्या, "मले वाचता येत नाई. छापायच्या आधी मले आयकवजो. जे मी बोलली नाई ते माह्या तोंडी घालजो नोको."

"काकू, तुमचा शब्द इकडचा तिकडे होणार नाही," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

मुलाखत त्यांच्या ओसरीत झाली. त्यांचा दीर समोरच खाटेवर बसून होता, उठायचं नाव घेईना. काकू तरी भरभरून बोलल्या.

मग सुरू झाला तो छळ. ऑफिसने दिलेला रेकॉर्डर असल्या काही प्रकारात फाइल बनवायचा की ती माझ्या लॅपटॉपवर उघडेचना. उघडायला एक प्रोग्राम उतरवला, तर तो म्हणे लॅपटॉप जुना आहे. दुसरा उतरवला, त्यात काकूंचा आवाज चिलटासारखा बारीक आणि दुप्पट वेगात. तिसऱ्याने कशीबशी फाइल बदलून दिली, तर आवाज ऐकून आपोआप मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर म्हणे फाइल फार लांब आहे. डोंबल तुमचं! बाई दीड तास बोलली, तिला काय मधेच तोंड दाबून गप्प बसवू? आणि आधीच्या मुलाखतींचा मजकूर ऑफिसातल्या प्रमुखांना पाठवला तर त्यांच्या कॉम्प्युटरवर कुठला तरी बाबा आदमच्या काळातला फॉन्ट, तिथे नुसत्या चौकोनांच्या रांगा. वर मलाच फोन करून विचारत, "हे काय पाठवलंत?" आठ दिवस मी फक्त फायली या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होते.

शेवटी एका प्रोग्राममध्ये 'आवाज साफ करा' असं बटण सापडलं. त्याखाली चौकटी होत्या: शांतता कापा, खरखर काढा, टकटक काढा. मी एक मिनिटही ऐकत बसले नाही. सगळ्या चौकटींवर खूण केली आणि बटण दाबलं. मुलाखत तासाच्या आत आली, सॉफ्टवेअरने ती मुकाट्याने गिळली आणि मजकूर ओकून टाकला. 'मले' होतं तिथे त्याने हिंदीतलं 'मिले' लिहून ठेवलं होतं. ते मी शिव्या देत देत दुरुस्त केलं, पण तेही साफ केलेला आवाज ऐकूनच. मूळ फाइल उघडायची कटकट पुन्हा कोण करणार!

त्यात एका ठिकाणी माझा प्रश्न होता, "शेत तुमच्या नावावर आहे का?" आणि त्याला लागूनच काकूंचं बोलणं, "पेरणं मीच, निंदणं मीच, तोडणं मीच." प्रमुख एकदम खूश. नावावर शेत असलेली बाई! अहवालाची सुरुवात हिच्यापासूनच करा म्हणाले. मीही खूश झाले, सांगायला लाज वाटते. तोवर इतक्या ओसऱ्या झाल्या होत्या की कोण काय म्हणालं ते डोक्यात राहिलंच नव्हतं.

छपाईच्या आधी अट आठवली, तेवढंच नशीब. बाजाराच्या दिवशी वडनेरला गेले. काकू पोत्यावर वांगी मांडून बसल्या होत्या, चार हातांवर दीर मेथीच्या जुड्या लावत होता. मी मोबाइलवर ती मुलाखत लावली. काकू मोबाइल कानाशी धरून ऐकत होत्या, मधूनच स्वतःच्या बोलण्यावर हसत होत्या. त्या प्रश्नापाशी हसू थांबलं. पुन्हा लाव म्हणाल्या. मी पुन्हा लावलं.

"याले तं मी नाई म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "ते कुठं गेलं?"

"काकू, यात तुम्ही तसं काही बोललाच नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघत हनुवटी जराशी वर केली आणि जिभेने टाळूवर 'च्च' केलं. मग डोळ्यांनीच दिराकडे खूण केली.

अगं बाई, असंच तर आमच्याकडे नाही म्हणतात! आई अजून एक पोळी वाढू का विचारते तेव्हा मी स्वतः हेच करते. काकूंचा तो नकार मी टकटक म्हणून कचऱ्यात काढला होता, एकदा नाही, सगळ्या मुलाखतीतून. आणि त्यांनी तो तोंडाने का म्हटला नव्हता, तेही आता कळलं. शेत दिराच्या नावावर होतं आणि दीर समोर खाटेवर बसला होता. थू माझ्या शिक्षणावर!

"मूळ रेकॉर्डिंग आहे काकू, मी दुरुस्त करते," मी पुटपुटले.

"अन् तुह्या मशीननं पुन्हा खाल्लं तं?" त्या म्हणाल्या. "काढ ते यंत्र. इचार मले पुन्हा."

"इथं?" मी दिराकडे पाहिलं. तो आमच्याकडेच बघत होता.

"इचार ना वं पोरी."

मी रेकॉर्डर सुरू केला. "शेत तुमच्या नावावर आहे का?"

काकूंनी रेकॉर्डर माझ्या हातातून घेऊन ओठांशी धरला. "नाई," त्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "कष्ट माहे हायेत. नाव माहं नाई."

दिराच्या हातातली जुडी हातातच राहिली. आजूबाजूच्या बाया माना वळवून पाहू लागल्या. काकूंनी रेकॉर्डर पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"आता कर साफ," त्या म्हणाल्या.