बारा गुलाबांचा फोटो
जपानातल्या तोयोसु स्टेशनजवळच्या फुलांच्या दुकानात ओल्या गुलाबांचा वास आला की मला ती मीटिंग आठवते. आमची जपानी कंपनी फुलं घरपोच देण्याचा धंदा स्लोव्हाकियात सुरू करत होती आणि तिथल्या भाषेतली वेबसाइट माझ्याकडे होती. माझं काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही, तेही त्याच आठवड्यात ठरणार होतं. मीटिंगच्या जरा आधी तिकडची भाषांतरकार बाई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मजकूर चोख आहे, पण पहिल्याच फोटोत बारा गुलाब? आमच्याकडे सम संख्येत फुलं फक्त मयताला नेतात." "मग आधी का नाही बोललात?" "मला मजकूरच तपासायला सांगितला होता ना!" आहेरावर रुपया चढवणाऱ्या घरातला मी, मला ते लगेच पटलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, ऑफिसातल्या रीती सांगणारं कोणी नव्हतं. चूक दिसली की बोलायचं, एवढंच मला येतं. भरल्या मीटिंगमध्ये उठून सांगून टाकलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमच्या जपानी साहेबांनी, अडचण आली की तिथले लोक ओढतात तशी दातांतून हवा ओढत फोटो पाहिला. "लग्नाच्या पाकिटात आम्हीही नोटा सम घालत नाही. फोटो बदला." मीटिंग संपल्यावर त्यांनी मला दाराशी थांबवलं. गेलं काँट्रॅक्ट, मी मनात म्हटलं. "असं सगळ्यांसमोर नको," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी माझ्या टेबलाशी येऊन सांगा." पुढच्या वेळी, म्हणजे मी राहणार होतो, हे मला पार जिन्यात पोचल्यावर कळलं. आजही त्या दुकानात मी अकराच गुलाब घेतो, आणि दुकानातली बाई ते बांधायच्या आधी मी पुन्हा एकदा मोजतो.