फाट्यापर्यंतचा प्रवासी

शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाडीत मी मास्तर होतो. सकाळच्या एसटीतून मी उतरलो की एक म्हातारा चढायचा. त्याच्याशिवाय गाडीत कुणी नसायचं. तरणी माणसं मुंबईला गेलेली. धोतराचा सोगा सावरत तो दारापाशी बसायचा, हमरस्त्याच्या फाट्यावर उतरायचा आणि लगेच चालत परत यायचा.

एकदा विचारलं, “बाबा, फाट्यावर रोज काय काम असतं?”

“काम कसलं, गुरुजी? कुणीच चढलं न्हाय तर गाडी बंद करत्यात की. मग माझी पोरं यायची कशानं?”

पावसाळ्यात त्यानं अंथरूण धरलं. दिवाळीपासून गाडी फाट्यावरूनच वळायला लागली. माघात तो गेला. पोरं आली, फाट्यापासून चालत. वाटेतच त्यांना मसणवट्यातून परतणारी माणसं भेटली.