गार खोकं

आमची लष्करी पोस्ट बर्फात होती आणि मी सिग्नल्सचा हवालदार होतो. घर जळगावात, पिंप्राळ्याला. सोबत नाईक भिकन, धुळ्यातल्या देवपूरचा. आम्ही दोघं आपसात अहिराणीच बोलायचो. सुभेदार साहेब म्हणत, तुमच्यासाठी वेगळा डीकोडर मागवावा लागेल.

खालच्या तळावरून येणारे संदेश सांकेतिक असत. डीकोडर ते उलगडी आणि पडद्यावर ओळ उमटे. जुना डीकोडर बॅटरी घटाघटा प्यायचा आणि तव्यासारखा तापायचा. म्हणूनच तो सगळ्यांचा लाडका. त्याच्यावर मोजे वाळत, त्याच्या मागे दही लागे. भिकन रोज सकाळी त्याच्यावर हात ठेवून तो जिवंत असल्याचं जाहीर करी, "जित्तं शे."

मग नव्या डीकोडरचं खोकं आलं. आत नखाएवढी चिप. काम झटपट, बॅटरी खाणार नावाला. तापायचा प्रश्नच नव्हता. भिकनने हात ठेवला आणि तोंड पाडलं.

"भाऊ, हाई तं मरेल शे."

"अरे, याले करंट कमी लागस, म्हनीसन गार शे."

"ऊब नहीं, तं जीव कसा ऱ्हाई?"

एका सकाळी सुभेदार साहेब पाच जवान घेऊन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला, निघाले. मी अँटेनावरचा बर्फ झाडायला बाहेर गेलो. तेवढ्यात या शहाण्या भिकनने नवं खोकं काढून जुनं जोडलं. मोजे ओले होते, हे कारण त्याने नंतर सांगितलं.

मी आत आलो तर पडद्यावर 'तातडीचा' एवढाच शब्द आला आणि पडदा विझला. बॅटरी खलास. दुसरी होती, पण अर्धीमुर्धी. जुन्या खोक्याने ती एका घोटात संपवली असती. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि आमची सहा माणसं उतारावर होती.  मी दुसऱ्या बॅटरीला नवं खोकं जोडलं.

"गार शे, भाऊ."

"हात काढ."

मी तळाला म्हटलं, "से अगेन. ओव्हर."

संदेश पुन्हा आला आणि पापणी लवायच्या आत ओळ उमटली: उतार धोक्याचा, पेट्रोल मागे घ्या. भिकनने माझ्या हातातला माइक ओढला आणि पेट्रोलला त्यांच्या सांकेतिक नावाने हाक दिली.

"टायगर, वापस. तुरंत वापस. ओव्हर."

नुसती खरखर. मग साहेबांचा आवाज आला, "रॉजर."

सगळे परतले. त्यांच्या मागे उतार घसरला, तो आवाज पोस्टवर ऐकू आला. साहेबांनी चहा घेतला आणि भिकनकडे दही मागितलं.

"जमा नहीं, साहब. नयी मशीन ठंडी है."

खोक्यांची अदलाबदल साहेबांना कळली होतीच. त्यांनी भिकनला बर्फ उपसायला पाठवलं.

तेव्हापासून भिकन नव्या जवानांना खोक्यावर हात ठेवायला लावी आणि शिकवी, "गार शे, म्हंजे बेस चाली ऱ्हायनं."

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या पोस्टवर तुटलेली लाइन जोडायला गेलेला भिकन बर्फाखाली गेला. त्याच्यासारखा सोबती मला पुन्हा मिळाला नाही. देवपूरला त्याला मीच घेऊन आलो. अंगणात पेटी उघडली. मी त्याच्या हातावर हात ठेवला. गार होता. तरी मी बराच वेळ हात काढला नाही.