आमच्या सोसायटीतलं पब्लिक आणि प्रायव्हेट

रावेतला आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड येतं, किस्से मात्र रोज! मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पण इतक्या वर्षांत लाइनवर जेवढे रिजेक्ट पीस बघितले नाहीत, तेवढे सोसायटीच्या कमिटीत बघितले, राव. त्यातला सगळ्यात मोठा पीस म्हणजे आमचे चेअरमन पाटणकर साहेब. जागेला इंग्रजी नाव दिलं की ती जागा आपली होते, अशी साहेबांची ठाम समजूत!

माझ्या दाराबाहेर चपलांचा स्टँड होता. साहेबांची नोटीस आली : 'एन्क्रोचमेंट इन कॉमन एरिया'. स्टँड आत घेतला आणि सांगायला त्यांच्या मजल्यावर गेलो. तिथे पॅसेजमध्ये शू-रॅक, सायकल, आठ कुंड्या आणि चक्क झोपाळा!

"साहेब, हे काय?"

"हे सेमी-प्रायव्हेट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉमनच. पण झोपाळा ओलांडून इकडे येतंय कोण!"

मग बागेला 'रेसिडेंट्स ओन्ली'ची पाटी लागली. वॉचमन दत्तू लातूरकडचा, सरळ माणूस. साहेबांनी त्याला बजावलं, "पब्लिकला आत सोडायचं नाही." आता समोरचा माणूस पब्लिक हे ओळखायचं कसं? दत्तू थेट विचारायला लागला. पहिलेच सापडले ते साहेबांचे सासरे!

"आजोबा, तुमी पब्लिक हाव का प्रायव्हेट?"

आजोबांनी छाती काढून सांगितलं, "मी आयुष्यभर पब्लिक सेक्टरला होतो!"

"मंग भाईरच थांबा."

सासरेबुवा अर्धा तास उन्हात.

एकदा साहेबांनी बायकोला मेसेज केला, 'स्ट्रिक्टली प्रायव्हेट. कमिटीत सगळे गाढव भरलेत. डोकं फुटायची वेळ आलीय. बाम कुठे ठेवलाय?' मेसेज गेला सोसायटीच्या ग्रुपवर. पाच मिनिटांत कमिटीतले तिघे बाम घेऊन दारात हजर. बामच्या बाटल्या ठेवून घेतल्या साहेबांनी!

आमच्याकडे लिफ्ट दोन. एकीवर साहेबांनी 'सर्व्हिस लिफ्ट' असा कागद चिकटवला. कामवाल्या बायकांनी तीच वापरायची. ती बंद पडली, तरी दुसरीत त्यांना मज्जाव. साहेबांकडे काम करणाऱ्या सुशीलाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी पंधरा दिवस नऊ मजले चढल्या. आम्ही रिकाम्या लिफ्टमधून त्यांच्या शेजारून वर जात होतो. लाज वाटायची, बोललं कोणीच नाही.

सोळाव्या दिवशी सुशीलाबाईंनी खालूनच फोन लावला, "मॅडम, सर्व्हिस लिफ्ट बंद हाय. म्हनून सर्व्हिस बी बंद हाय."

दुपारपर्यंत कागद गायब!

आणि हे यंदाच्या चैत्रातलं. बागेत एक जुना लिंब आहे, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड. आज जिथे सोसायटी उभी आहे, ते सगळं वावर पूर्वी बबनआबांच्या घराण्याचं. आबा आता ऐंशीच्या पुढचे. गावठाणात राहतात आणि दरवर्षी चैत्रात म्हसोबाला नारळ द्यायला येतात. यंदा दत्तूने बिचाऱ्याने फाटक उघडलंही होतं, तेवढ्यात साहेब आडवे आले.

"धिस इज प्रायव्हेट प्रॉपर्टी. नो ट्रेसपासिंग!"

आबा हातात नारळ घेऊन तिथेच उभे राहिले. मी कंपनीतून नुकताच आलो होतो. मला त्यांनी विचारलं, "सायेब काय म्हनत्यात?"

मी खाली बघत सांगितलं, "आबा, ते म्हणतात, ही खाजगी जागा आहे. परक्या माणसाने विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही."

आबांनी धोतराच्या सोग्याने नारळ पुसला. साहेबांकडे बघून मान डोलावली.

"व्हय, बराबर हाय. बिल्डरच्या मान्सांस्नी आमीबी हेच म्हनलो व्हतो. पर आमी मराठीत म्हनलो, तितंच चुकलं."