जुन्या रिव्हॉल्वरची मूठ

मुळशीत, कासारसाईच्या अलीकडं आमचं घर. चौफेर रानं इकली गेली, पत्र्याची कुंपणं पडली, मधी आमी दोघंच नवराबायको. पोरगं सूसला फ्लॅटमधी ऱ्हातं. आलं की म्हणायचं, "आबा, इका आन् चला तिकडं." मी म्हणायचो, "मी मेल्यावर इक."

मग पावलं उमटाया लागली. आमची मंडळी सांजचं अंगण सारवायची. सकाळी त्या सारवणात अनवाणी पायाचे ठसे. गोठ्याकडनं यायचे, आमच्या खिडकीखाली खोल उमटायचे, लई येळ उभं ऱ्हाईल्यागत, आन् माघारी जायचे. आमचं कुत्रं परकी मोटारसायकल लांब दिसली तरी घसा फोडतं. ते गप.

मी रिव्हॉल्वरच्या लायसनसाठी खेटे घातले. मंडळी म्हणाली, "अवो, कुत्रं भुंकत न्हाई म्हंजे वळखीचं कुणीतरी हाय. वळखीच्यावर झाडणार का?"

"ज्याला मला हितनं हालवायचंय, त्याच्यावर झाडीन," म्हणालो.

लायसन हातात पडल्यावर पुण्यातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. जुनंच बघायचं ठरवलं होतं. नव्याला पैसा नव्हता असं न्हाई, पण वापरलेल्याचा चाप मऊ असतो असं ऐकलं होतं. बैल घेताना आपण जे इचारतो तेच मी दुकानदाराला इचारलं, "ह्याचा मालक का इकतोय?"

"वारले, काका. मुलांकडं लायसन नाही."

"आन् हे?"

"तेही वारले."

समद्या मुठी मेलेल्या हातांनी गुळगुळीत केलेल्या. त्यात एक काळ्या लाकडाची होती. माझं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलंय, अर्धंच हाय. मूठ धरली तर बाकीची बोटं झिजलेल्या खळग्यात बरोब्बर बसली. अर्ध्या बोटाच्या पुढं लाकूड कोरंच होतं. तिथं कुणाचं बोट कधी टेकलंच नव्हतं.

दुकानदार हसला, "वा! तुमच्यासाठीच घडवल्यासारखं आहे."

"ह्याचा मालक मेला का?"

"नाही, आहेत. तुमच्या मुळशीतलेच. स्वतःच आणून दिलं. घरी एकदाच चालवलं होतं."

"कुणावर?"

तो फडक्यानं काच पुसत ऱ्हायला. "अंधारात कळलं नाही त्यांना," म्हणाला. "घरातलाच निघाला."

मला मूठ खाली ठेवायची होती. बोट चापावरनं निघंना. डाव्या हातानं ते सोडवलं.

"दुसरं दाखवू?"

"नगं. माझ्या घराला लागंल असं हितं काय न्हाई."

घरी आलो. मंडळीनं इचारलं, "आणलं का?"

"एकबी पसंत पडलं न्हाई."

"बायकू सोडून दुसरं जुनं काय पसंत पडलंय तुमाला?" म्हणाली, पण तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

दिवस मावळताना अंगणात उभा ऱ्हायलो आन् गोठ्याकडं बघून मोठ्यानं बोललो, "कोण असशील त्यानं आत यावं. खिडकीखाली उभं ऱ्हायचं काम न्हाई. मी हितनं हालणार न्हाई." दाराला कडी लावली न्हाई. कुत्रं शेपूट हालवत होतं.

सकाळी ठसे दारापातूर आले होते. टाचा अंगणात, चवडे उंबऱ्यावर.

मंडळी वाकून बघत ऱ्हायली. हळूच म्हणाली, "पाय वळखला का?"

"मला वळखायचा न्हाई," म्हणालो, आन् बादली आणून उंबरा धुऊन काढला.